वाटा

पहिल्या रात्री वाटलं, कुणाच्या तरी लग्नातला गरनाळ.
पण भाद्रपद होता, वरात कुठली?
उपकेंद्राच्या खिडकीबाहेर काजूची बाग
आणि तिच्यापलीकडे काळाकुट्ट सडा.

सकाळी झाडायला आलेल्या शेवंतीताईंना विचारलं.
"फटाके ते, बाय. डुकरं येतात ना भातात."
आणि नळाशी जाऊन त्या
धुतलेली बादली पुन्हा धुवायला लागल्या.

हळूहळू कान शिकला.
फटाका वर जाऊन फुटतो. बार जमिनीलगत येतो,
आधी खिडकीच्या काचेला कळतो, मग मला.
पऱ्या ओलांडून समोरच्या डोंगरावर आपटतो
आणि परत येतो, जरासा म्हातारा होऊन.
म्हणून मोजताना एक सोडायचा.
एक बार माणसाचा, एक डोंगराचा.
एकावर थांबलं, तर लागलं.
थोड्या वेळाने दुसरा झाला, तर जखमी आहे, शोधताहेत.
तिसऱ्यानंतर मी उठून बसते
आणि लसींच्या फ्रीजचं तापमान
उगाचच वहीत लिहिते: दोन चाळीस, चार अंश.

मी सांगोल्याची. आमच्याकडे रात्री
कुणाची मोटार चालू आहे, कुणाचं कुत्रं भुंकतंय,
अंथरुणात पडल्या पडल्या सांगता येतं.
इथे बार कुणाचाच नसतो.
सकाळी अख्खी वाडी म्हणते, गाढ झोपलो होतो.

कार्तिकातल्या एका रात्री लागोपाठ दोन,
मग काहीच नाही. हाळी नाही, कुत्रं नाही.
तासाभराने मागच्या दारावर थाप.
पाष्ट्यांचा दिगंबर, चौघांनी घोंगडीत धरलेला.
कुणाच्याच कपाळावर बॅटरी नाही,
नुसता तिच्या पट्ट्याचा वळ.
"बाय, काटे रुतलेत."
"कसले?"
"कसले म्हंजे... काटे."
करवंदीचे, म्हणाला एक. दुसरा म्हणाला, शिकेकाईचे.
तेव्हा दिगंबरच हसला, मांडी दाबून धरत,
आणि हसताना रक्त जास्त आलं.

अकरा छर्रे काढले. चिमट्यातून ट्रेमध्ये
टण. टण.
एवढासा आवाज, खिडकीला कळणारही नाही.
एक खोल होता, हाडाशी.
हा माझ्याने निघायचा नाही, म्हटलं, रत्नागिरीला न्या.
चौघेही भिंतीवरच्या
पाळणा लांबवायच्या तक्त्याकडे बघत राहिले.
पहाटे नेलं मात्र. तिथे काय सांगितलं, माहीत नाही.
मी नोंदवहीत लिहिलं: पुरुष, तेवीस, मांडीला जखम.
'कारण' या रकान्यावर पेन बराच वेळ उभं होतं,
शाईचा ठिपका झाला.
तोच राहू दिला.

चार दिवसांनी शेवंतीताई
सागाच्या पानांतला पुडा घेऊन आल्या.
एव्हाना मला इथली रीत ठाऊक होती:
बंदुकीचा एक वाटा, नेम धरणाऱ्याचा एक,
हाकाऱ्यांचा, कुत्र्यांचासुद्धा,
राखणदाराच्या नावाने काळीज, उरलं ते घरटी.
"हा कुणाचा?"
"तुमचा. येगळा काढलाय."
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि विचारलं, शिजायला किती वेळ लागतो.

दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन आलं.
ताटात टाकलं. टण.
जीभ फिरवून पाहिली, दात शाबूत होता.
धुऊन तो छर्रा मी बाकीच्यांच्या बाटलीत टाकला,
खोकल्याच्या औषधाची, जुनी.
आता हलवली तर कुठला डुकरातला,
कुठला दिगंबरचा, सांगता येत नाही.

परवा तालुक्याहून नवे डॉक्टर मुक्कामाला होते.
सकाळी चहा फुंकत म्हणाले,
"रात्री कसला हो आवाज?"
मी त्यांच्या हातातली बशी घेतली, विसळायला.
"फटाके," म्हटलं, "डुकरं येतात ना भातात."
त्यांनी मान हलवली.
दारातून सगळा मळा दिसत होता.
भात कापून पंधरा दिवस झाले होते.